वकिलासाठी चंदा, तपासासाठी काय?

आपल्या मोहल्ल्यांतून ‘बाइज्जत बरी’ हे शब्द आता लहान पोरांनाही पाठ झाले आहेत. दहशतवादाच्या खटल्यातून कुणी सुटला की उर्दू वर्तमानपत्रांत हाच मथळा येतो. मिठाई वाटली जाते, दोन-चार पुढारी हार घेऊन फोटोला उभे राहतात, आणि सुटून आलेला माणूस त्या गर्दीत आपल्या मुलीला शोधत असतो. तो आत गेला तेव्हा ती रांगत होती. यातली इज्जत नेमकी कोणती, हे मला आजवर कळलेले नाही.

११ जुलै २००६ रोजी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या सात लोकल गाड्यांत स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे मेली. संध्याकाळच्या विरार गाडीत कुणी कुणाचा धर्म विचारून चढत नाही. मेले त्यांत आपलेही होते. २०१५ साली विशेष मोक्का न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवून पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांतला एक तोवर तुरुंगातच करोनाने गेला होता. राज्य शासन लगेच सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्याला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत धाडले नाही.

या निकालावर आपल्याकडे भाषणे पुष्कळ झाली. निकालात काय लिहिले आहे, त्यावर फारशी झाली नाहीत. कबुलीजबाब छळ करून घेतले, हे आरोपींचे म्हणणे उच्च न्यायालयाने मान्य केले. वेगवेगळ्या माणसांच्या जबाबांतला मजकूर एकसारखा, उतरवून काढल्यासारखा आहे, असेही म्हटले. हे आपण सर्वांनी ऐकले. पण त्याच निकालात आणखी काही आहे. ओळख परेड ज्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याने घेतली, त्याला ती घेण्याचा अधिकारच त्या वेळी नव्हता. टॅक्सीवाल्यांच्या साक्षी शंभराहून अधिक दिवसांनी उगवल्या. जप्त केलेला मुद्देमाल प्रयोगशाळेत पोचेपर्यंत नीट मोहोरबंद राहिला, हे दाखवता आले नाही. आणि स्फोटात कोणत्या प्रकारचा बॉम्ब वापरला होता, एवढेसुद्धा सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही.

पुन्हा एकदा वाचा. लाखेची मोहोर, तारीख, एका अधिकाऱ्याच्या नेमणुकीचा कागद, स्फोटकाचे रासायनिक परीक्षण. यातल्या कशालाही बंदूक लागत नाही. छाती फुगवून पळावे लागत नाही. ही कारकुनाची, रसायनशास्त्रज्ञाची, वकिलाची कामे आहेत, आणि आपल्या राज्यात ती अशा माणसाच्या गळ्यात पडतात, ज्याची भरती त्याची उंची मोजून आणि तो किती सेकंदांत किती मीटर धावतो हे बघून झालेली असते.

त्या निकालाला दहा दिवस होतात न होतात तोच, ३१ जुलै २०२५ रोजी, मालेगावच्या २००८ सालच्या स्फोटाचा निकाल लागला. भिक्कू चौकात सहा माणसे मेली होती, तीही रमजानमध्ये. विशेष न्यायालयाने सातही आरोपी सोडले. तेव्हा आपल्या घरांतून मिठाई वाटली गेली नाही, शोक झाला. पण तिथेही न्यायाधीशांनी काय म्हटले? घटनास्थळाचा पंचनामा नीट नाही. गोळा केलेले नमुने दूषित झालेले. मोटारसायकलचा चासी क्रमांक पुरता वाचता आला नाही. एका निकालावर आपण खूष, दुसऱ्यावर नाराज. दोन्हींच्या मुळाशी असलेला रोग मात्र एकच आहे. आणि मालेगावकरांना तर तो दोनदा झाला. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शबे-बरातच्या जुम्म्याला, बड्या कब्रस्तानापाशी स्फोट झाले. मेले मुसलमान, आणि पकडले गेले तेही मुसलमानच. नऊ जण. आधी राज्याचे दहशतवादविरोधी पथक, मग सीबीआय, मग एनआयए, असा तपास हातोहात फिरला. २०११ साली जामीन मिळाला, २०१६ साली आरोपमुक्ती. तोवर नवांतला एक वारला होता. त्या कब्रस्तानाच्या दारात बॉम्ब कुणी ठेवला, याचे न्यायालयाने शिक्कामोर्तब केलेले उत्तर मेलेल्यांच्या वारसांना अजून मिळालेले नाही.

यावर आपली नेहमीची प्रतिक्रिया ठरलेली आहे. पोलीस पक्षपाती आहेत, व्यवस्था पक्षपाती आहे. मी ते नाकारीत नाही. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने १९९८ साली ते सरकारी कागदावर लिहून ठेवले आहे. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीत ९०० माणसे मेली आणि १६८ बेपत्ता झाली, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली पुन्हा नोंदवले. त्या दंगलीचे गुन्हे मोठ्या संख्येने ‘ए समरी’ करून मिटवले गेले. ज्यांना हा शब्द माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: ए समरी म्हणजे गुन्हा घडला हे खरे, पण करणारा सापडत नाही. दिवसाढवळ्या, शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत दुकाने जळाली आणि करणारा सापडत नाही! तेव्हा पक्षपात आहेच. माझा मुद्दा असा, की पक्षपात काही उघडा नागडा रस्त्यावर फिरत नाही. त्याला लपायला जागा लागते, आणि आपल्याकडे ती जागा म्हणजे गचाळ तपास. ‘मनुष्यबळ नव्हते’, ‘बंदोबस्त होता’, ‘सी.ए. रिपोर्ट आला नाही’ या तीन वाक्यांच्या आड कितीही मोठा अन्याय सुखाने झोपू शकतो.

शिवाय ही वाक्ये पुष्कळदा खरीही असतात, हीच तर मेख आहे. कोणत्याही तालुक्याच्या ठाण्यात जाऊन बसा. ज्या हवालदाराकडे दहा-बारा गुन्ह्यांचा तपास आहे, तोच गणपतीच्या बंदोबस्तात, तोच मोहरमच्या मिरवणुकीत, तोच मंत्र्याच्या दौऱ्यात, तोच समन्स बजावायला आणि तोच पासपोर्टच्या पडताळणीला. रात्री अकराला तो पंचनामा लिहायला बसतो. पंच मिळत नाहीत म्हणून समोरच्या चहावाल्याला धरतो. तो चहावाला पुढे न्यायालयात ‘माझी फक्त सही घेतली’ म्हणून मोकळा होतो. २००६ साली प्रकाशसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तपास आणि कायदा-सुव्यवस्था ही कामे वेगळी करा, निदान दहा लाखांवरच्या शहरांपासून सुरुवात करा, असा आदेश दिला. मुंबईतले रेल्वे स्फोट, मालेगावचे स्फोट आणि हा आदेश, तिन्ही एकाच वर्षातले. आदेश कपाटात राहिला, तपास जसे व्हायचे तसे झाले.

जबाबाच्या बाबतीत मला थोडे जास्त बोलायचे आहे, कारण हा वार्षिकांक मराठी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या मुसलमानांचा आहे आणि भाषा हे आपले जुने दुखणे आहे. मोहल्ल्यातली एखादी बाई दखनीत सांगते, ‘मेरे कू दिखा नै, आवाज आई बस.’ हवालदार लिहितो, ‘समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी राहण्यास असून सदर इसमास मी चांगले ओळखते.’ तिला कळत नाही तिने काय सांगितले. पोलिसासमोरच्या जबाबावर तर सहीही घ्यायची नसते, त्यामुळे तिने तो नाकारायचा म्हटले तरी काय नाकारणार? प्रत्येक वेळी हवालदार बदमाश असतो असे नाही. ठाण्याच्या मराठीचा एक साचा आहे, ‘सदर’, ‘इसम’, ‘वर्णनाचा’, आणि जे सांगितले जाते ते त्या साच्यात ओतले जाते. ओतताना जे सांडते, त्यावर एखाद्याचा जन्म ठरतो. आता कल्पना करा, की दोन्ही भाषा जाणणारी, शिकलेली, गणवेश नसलेली एक मुलगी समोर बसली आहे, ती बोलणे ध्वनिमुद्रित करते आहे, शब्दाला शब्द लिहिते आहे, वाचून दाखवते आहे, आणि तिचा पगार ठाणे अंमलदाराच्या मर्जीवर अवलंबून नाही. याला क्रांती लागत नाही. याला मंजूर पद लागते, लेखाशीर्ष लागते.

असे कुठे असते का, असे विचारणारे विचारतील. असते. इंग्लंडमध्ये २००२ सालच्या पोलीस सुधारणा कायद्याने पोलीस प्रमुखाला कॉन्स्टेबल नसलेल्या कर्मचाऱ्यांना तपास अधिकारी म्हणून नेमण्याची मुभा दिली. ही माणसे जबाब घेतात, आरोपीची विचारपूस करतात, कागद तपासतात, ठरवून दिलेले अधिकार वापरतात. आणि या सुधारणांच्या पाठीमागे जे वातावरण होते ते आपल्याला परके नाही. मुंबईची दंगल विझून तीन महिने झाले होते, तेव्हा २२ एप्रिल १९९३ रोजी लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स नावाच्या अठरा वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्या टोळक्याने बस थांब्यावर भोसकून मारले. पोलिसांनी तपासाचा असा काही विचका केला, की १९९९ साली मॅक्फर्सन चौकशी अहवालाने लंडन पोलीस हे संस्था म्हणूनच वंशद्वेषी आहेत, असा ठपका ठेवला. आमच्या श्रीकृष्ण अहवालानंतर एका वर्षाने. पुढे काय झाले यात मात्र फरक आहे. त्या खटल्याचे जुने कपडे प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी पुन्हा तपासले, एका जाकिटाच्या कॉलरवर रक्ताचा अगदी सूक्ष्म डाग सापडला, आणि जानेवारी २०१२ मध्ये, खुनानंतर जवळजवळ एकोणीस वर्षांनी, दोघांना शिक्षा झाली. एकोणीस वर्षे त्यांनाही लागली, आपल्यालाही लागली. त्यांच्याकडे शेवटी गुन्हेगार सापडला. आपल्याकडे शेवटी एवढेच सापडले, की पकडलेला गुन्हेगार नव्हता.

इंग्लंडचे गोडवे गायचा माझा हेतू नाही. त्याच २०१२ साली तिथल्या सरकारने तोट्यात चालते म्हणून आपली न्यायवैद्यक सेवा बंद करून टाकली, आणि काटकसरीच्या दशकात पोलिसांतल्या बिगर-गणवेशी नोकऱ्यांवर कुऱ्हाड पडली. गणवेशवाला कमी केला तर मतदार ओरडतो. प्रयोगशाळेतला माणूस गेला तर कुणाला पत्ता लागत नाही. ही खोड जगभर सारखी आहे.

परदेशात जायची तरी गरज काय? आपल्याच केंद्र सरकारने २००३ साली कंपन्यांतल्या मोठ्या घोटाळ्यांसाठी गंभीर घोटाळे तपास कार्यालय काढले. तिथे हिशेबतपासनीस आहेत, वकील आहेत, कंपनी कायद्याचे आणि बँकिंगचे जाणकार आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याने त्याला वैधानिक दर्जाही दिला. म्हणजे भागधारकांचा पैसा बुडाला की सरकारला कळते, हे काम दंडुक्याचे नाही. मोहल्ला जळाला, मशिदीपाशी स्फोट झाला, बाईला घरात जाळले, की मात्र तेच सरकार म्हणते, हवालदार बघून घेईल.

आणि ज्याला आज ठाण्यातले लोक सहज ‘प्रिंट घ्या’ म्हणतात, ती विद्या कुठून आली? १८९७ साली कलकत्त्यात जगातले पहिले अंगुलिमुद्रा केंद्र निघाले. लाखो ठशांतून हवा तो ठसा चटकन कसा शोधायचा, याचे गणिती वर्गीकरण तिथे बसवणाऱ्यांत काझी अझीझुल हक हा गणिताचा पदवीधर होता, त्याच्याबरोबर हेमचंद्र बोस. साहेबाने त्याला फौजदाराचा हुद्दा दिला खरा, पण निवडले होते ते त्याच्या गणितासाठी. पद्धत जगभर गेली ती साहेबाच्या, हेन्रीच्या नावाने. तेव्हा तपासाच्या कामाला विद्वान माणूस लागतो, ही कल्पना आपण विलायतेकडून उसनी घेतो आहोत असे मुळीच नाही. विलायतेनेच ती आपल्याकडून नेली.

आता आपल्याच माणसांचा आक्षेप. मी हे जिथे जिथे बोललो तिथे कुणी ना कुणी उठून म्हणाले: ज्यांनी आमच्या पोरांना मारले त्यांनाच आणखी पैसा द्या म्हणता? आक्षेपातला संताप खरा आहे, तर्क खोटा आहे. पोलिसांचा पैसा कमी करून आजवर कोणत्या मोहल्ल्यात कमी मार पडला? पैसा कमी असला की आधी विज्ञान जाते आणि पट्टा राहतो. ज्याच्याजवळ प्रयोगशाळा नाही, कॉल तपशील वाचणारा माणूस नाही, त्याला कबुलीजबाबावाचून दुसरा पुरावाच उरत नाही. आपल्या जुन्या पुरावा कायद्यातही पोलिसापुढची कबुली पुरावा नव्हती, आजच्या भारतीय साक्ष अधिनियमातही नाही. मोक्काने वरिष्ठ अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा ठरवली आणि तपासाची गरजच संपवली. टाडाने तेच केले होते, पोटानेही तेच. मला जो पैसा हवा आहे तो लाठीसाठी नाही. लाठी अनावश्यक व्हावी म्हणून हवा आहे.

पण आक्षेपाचा एक भाग मी मान्य करतो. हे मुलकी तपासनीस जर त्याच निरीक्षकाच्या हाताखाली, त्याच्याच गोपनीय अहवालाच्या भीतीखाली बसवले, तर ते तपासनीस राहणार नाहीत, त्याचे लेखनिक होतील. म्हणून पैसा कुणाच्या खात्यावर पडतो हा खरा प्रश्न आहे. त्याला आपल्या राज्यात पायंडा आहे. सरकारी वकील पोलीस खात्याच्या अंमलाखाली असत. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने शहाणे यांच्या खटल्यात महाराष्ट्र शासनालाच सांगितले, की त्यांना पोलिसांच्या प्रशासकीय ताब्यातून काढा, वेगळे केडर करा. त्याने आभाळ कोसळले नाही. वकील वेगळे होऊ शकतात, तर पुरावा गोळा करणारा, मोहोर लावणारा, जबाब लिहिणारा का नाही? अटक पोलिसांनी करावी, पाठलाग त्यांनी करावा. कागद आणि नमुना दुसऱ्याच्या हाती असावा. आपल्या गावगाड्याला हे नवे नाही. एकाच गावात मुलकी पाटील वेगळा आणि पोलीस पाटील वेगळा असायचा.

आणि हे काम कंत्राटी नको. २०२३ साली मुंबई पोलिसांत राज्य सुरक्षा महामंडळाचे तीन हजार जवान अकरा महिन्यांसाठी घ्यायचे ठरले, तेव्हा केवढा गदारोळ झाला. अकरा महिन्यांचा माणूस बारा वर्षे चालणाऱ्या खटल्यात साक्षीला येईल का? त्याने लावलेल्या मोहरेबद्दल उलटतपासात तो काय सांगेल? या जागा कायम हव्यात, लोकसेवा आयोगाकडून भरलेल्या हव्यात.

दुसरी एक मागणी आपल्याकडे फार लाडकी आहे: पोलिसांत मुसलमान शिपाई वाढवा. जरूर वाढवा. पण दहा-बारा गुन्हे आणि रोजचा बंदोबस्त त्या मुसलमान हवालदाराच्याही डोक्यावर असणार, पंच म्हणून तोही चहावाल्यालाच धरणार. उलट रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली भिवंडीची मुलगी, बी.कॉम. होऊन मोबाइलच्या दुकानात बसलेला मालेगावचा मुलगा, यांना छातीचे माप देऊन पोलीस व्हायचे नसेल. तपासनीस मात्र त्यांना व्हायला आवडेल. शासनाच्याच न्यायसहायक विज्ञान संस्था मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. तिथून शिकून निघणारी मुले नोकरी शोधत हिंडतात, आणि सी.ए. रिपोर्टची वाट बघत कच्चे कैदी तुरुंगात बसतात. हे दोन्ही एकाच राज्यात, एकाच गृह खात्याच्या डोळ्यांसमोर चालू आहे.

१ जुलै २०२४ पासून तर कायद्यानेच गळा धरला आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आहे; त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करायचे आहे. तज्ज्ञ आणायचे कुठून, हे कायदा सांगत नाही. व्हॅन विकत घेता येते, तिचे उद्‌घाटन करता येते, फीत कापता येते. व्हॅनमध्ये बसणाऱ्या माणसाचा तीस वर्षांचा पगार हा विषय फीत कापण्याजोगा नाही, म्हणून तो मागे राहतो. राहणारच, जोवर कुणी मागत नाही.

आपण मागतो का? आपण चंदा गोळा करतो. रमजानमध्ये झोळी फिरते, जमियतसारख्या संघटना वर्षानुवर्षे वकील उभे करतात, आणि ते नसते तर त्या बारा जणांतले पाच आज कुठे असते याचा विचारही करवत नाही. त्यांचे ऋण मोठे आहे. पण झोळीतला पैसा अठरा वर्षांनंतर मोहोर तुटकी होती हे सिद्ध करण्यात जातो. ती मोहोर पहिल्या दिवशी नीट लावणाऱ्याचा पगार सरकारी तिजोरीतून, म्हणजे आपल्याच करातून द्यायचा असतो, आणि त्यासाठी आपण आजवर एक मोर्चा काढलेला नाही, एक निवेदन दिलेले नाही. शादीखान्याला निधी मागतो, कब्रस्तानाच्या भिंतीला मागतो. आमदार तो देतातही, कारण भिंतीवर नाव लिहिता येते.

सध्या रमजान आणि विधिमंडळाचे अर्थसंकल्पी अधिवेशन जवळपास एकाच सुमारास येते. आमदार इफ्तारला येतात, डोक्यावर टोपी घालतात, खजूर खातात. या वेळी त्यांच्यासमोर एक कागद ठेवा. त्यावर एवढेच विचारा: आपल्या जिल्ह्याचे नमुने ज्या प्रयोगशाळेत जातात तिथे मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि गृह खात्याच्या मागण्यांवर तुम्ही सभागृहात बोलणार आहात की नाही? त्यांचे उत्तर लिहून घ्या, तारीख घाला, खाली दोन पंचांच्या सह्या घ्या.